हयात नानांचे नाव पितरांच्या यादीत

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, खारमाळ,
ता. पेण, जि. रायगड.

विषय : ‘बोलावणं’ या स्मरणसेवेची यादी सात दिवसांत नष्ट करण्याच्या नोटिशीबाबत खुलासा, व यादी राखू देण्याची विनंती.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. १४ मे २०२५.
२) श्री. दत्तात्रेय जनू ठाकूर (वय ६८, हयात) यांचा तक्रार अर्ज.

महोदय,

आमच्या नळाला दुपारी अडीचला पाणी येते. आत्ता रिकाम्या कळशीत पहिली धार वाजली, निजलेल्या घरात तेवढाच आवाज. पती अमोल रोह्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून झोपले आहेत आणि मुलगी मृणाली (वय साडेपाच) त्यांच्या पायाशी. पाणी भरून होईस्तोवरचा तास माझा. कागद कुठे भिजलेला दिसला तर ते नळाचे पाणी समजावे. रडून अर्ज लिहिण्याइतकी सवड मला नाही.

१. माझ्या सासूबाई कै. पुतळीबाई घरत या धवलारीण होत्या, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. आपण बदलीवर आलात म्हणून खुलासा करते : आमच्याकडे हळदीला धवलारीण गाण्यातून देवांना बोलावते, आणि त्या घरच्या गेलेल्या माणसांनाही, एकेकाचे नाव घेऊन. नाव सुटले तर ते माणूस दाराबाहेर उभे राहते असे मानतात. सासूबाईंना एकोणीस घरांची माणसे तोंडपाठ होती. “लिहून ठेवू का?” असे मी लग्न होऊन आल्यावर विचारले होते. त्यावर उत्तर मिळाले, “तू लिवलंस तर मी कशाला हाय गो?” गेल्या श्रावणात त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हा मात्र त्यांनीच हाक मारली, “आन तुझी वही.” मी मृणालीच्या बालवाडीच्या वहीत, बदक आणि सफरचंद यांच्या मधल्या जागेत, दोनशे चौदा नावे उतरवली. मध्ये मध्ये त्या झोपायच्या, जाग आली की मधलेच घर धरायच्या. दिवाळीआधी त्या गेल्या. त्यानंतर गावात पहिली हळद लागली, तेव्हा नवी धवलारीण संध्या तीन नावांवर थांबली आणि तिने सरळ दुसरे गाणे सुरू केले.

२. त्या दिवशी मला सेवा सुचली. संगणकाचा तीन महिन्यांचा कोर्स केल्याने माझ्यात थोडा माज होता, हे मान्य करते. घरात लग्न ठरले की मोबाईलवर माझा फॉर्म भरायचा, मी सासूबाईंची यादी व फॉर्म जुळवून हळदीआधी संध्याला पूर्ण यादी पाठवायची, अशी ती रचना. सेवेसाठी मी पणतीचे चित्र काढले. अमोल यांनी ते पाहून “वरण कधी वाढायचं?” असे विचारले, कारण ती पळी दिसते. तरीही मी ते बदलले नाही.

३. आता चुकीबाबत. फॉर्ममध्ये “मृत्यूची तारीख” असा रकाना करायला माझा हात धजेना. सासूबाईंना जाऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. म्हणून मी लिहिले : “घरी कधीपासून येत नाहीत?” मला वाटले, किती हळुवार झाले. स्वतःचे कौतुक करत मी त्या दिवशी दोन वाट्या शिरा केला.

४. श्री. दत्तात्रेय ठाकूर, म्हणजे आपल्या गावचे नाना, यांची बहीण श्रीमती इंदुबाई यांना निडी येथे दिले आहे. नऊ वर्षांपूर्वी इंदुबाईंच्या मुलीच्या साखरपुड्यात नानांना पहिल्या पंगतीला बसवायचे राहिले. नाना उपाशी परत आले, ते पुन्हा निडीला गेले नाहीत. यंदा इंदुबाईंच्या मुलाचे, चि. प्रविणचे, लग्न होते. इंदुबाईंनी माझा फॉर्म भरला. माहेरची माणसे लिहिली : वडील, आई, थोरला काका. चौथे नाव दत्तात्रेय. घरी कधीपासून येत नाहीत? “नऊ वर्षं.” आवडीचा पदार्थ? “वालाचं बिरडं, माझ्या हातचं.”

मी यादी पाठवली. दत्तात्रेय म्हणजे आपले नाना, हे मला सुचायला हवे होते. ते रोज आमच्या ओट्यावर पेपर वाचतात. पण रकान्यात भरलेले नाव मला माणूस वाटत नाही, हा माझा दोष त्या दिवशी कळला.

५. दि. १० मे रोजी निडीला हळदीच्या मांडवात संध्याने भोंग्यावरून नानांना पितरांसोबत, आईवडिलांच्या मागोमाग, अत्यंत गोड आवाजात बोलावले. व्हिडिओ अर्ध्या तासात नानांच्या मोबाईलवर आला. दुसऱ्या दिवशी ते पेणहून रोह्याची गाडी धरून निडीला उतरले आणि भर मांडवात उभे राहून म्हणाले, “कोण मेलाय? जवल येऊन बघा, हात लावून बघा!” इंदुबाई आतून आल्या. त्यांनी पाट मांडला. नाना दहा मिनिटे उभे राहिले, मग बसले. बिरडे दोनदा घेतले, आणि मामा म्हणून नवरदेवाच्या मागे उभेही राहिले. परत येऊन त्यांनी आपल्याकडे तक्रार दिली, कारण, त्यांच्याच शब्दांत, “जेवन येगला नि अपमान येगला.” ते बरोबरच आहे.

६. मी इंदुबाईंना फोन करून रागावले. त्या म्हणाल्या, “जिवंत मानसाला बोलवायला तोंड नाय राहिलं गो माझं. वाटलं, तुझ्या यादीतून तरी बोलावनं जाईल.” माझ्या सेवेचा हा गुण म्हणून मी सांगत नाही. माझ्या फॉर्मने जे विचारले त्याचे उत्तर बाईने खरे दिले, एवढेच.

७. तेव्हापासून नाना रोज सकाळी आमच्या ओट्यावर येऊन “हाय मी, लिव” असे सांगतात. मी तारीख घालून लिहिते. गावातील तीन सुनांनी, सासूचे नाव आधीच नोंदवता येईल का, अशी चौकशी केली आहे. मी नकार दिला. हेही नोंद असावे.

८. महोदय, यादी आहे ती सगळी त्या वहीत आणि माझ्या मोबाईलमध्ये. दोनशे चौदापैकी एकसष्ट नावे आज गावात कोणालाच ठाऊक नाहीत, मी घरोघर विचारून पाहिले. खाडीत गेलेली माणसे, बाळंतपणात गेलेल्या मुली, बारसे झालेले पण चालू न लागलेले एक मूल. यादी पुसली तर त्यांना कोणत्याच हळदीला कोणी बोलावणार नाही. “गुपचूप एक प्रत काढून ठेव,” असे अमोल म्हणाले. पण आपण समोर विचारलेत तर माझे तोंड आधीच कबूल होते, म्हणून ते केलेले नाही; काढलेली एकच झेरॉक्स आपल्यालाच सोबत जोडली आहे.

तरी विनंती की : यादी नष्ट करण्याचा आदेश मागे घ्यावा. यापुढे प्रत्येक नाव मी आपल्या कार्यालयातील मृत्यू नोंदवहीशी ताडून पाहीन, त्यास परवानगी द्यावी. फॉर्ममधील तो रकाना मी बदलला आहे, आता तिथे सरळ शब्द आहे. आणि श्री. नाना यांना हयातीचा दाखला शिक्क्यासह द्यावा. दाखला संध्याने पुढच्या हळदीत भोंग्यावरून वाचावा अशी नानांची अट आहे. संध्या कबूल झाली आहे, चाल तेवढी बसत नाही म्हणते.

कळश्या भरल्या, थांबते.

चूक कबूल असलेली व वही न सोडू शकणारी,
सौ. दिपिका अमोल घरत
रा. खारमाळ, ता. पेण
दि. १९ मे २०२५

सोबत : १) बालवाडीच्या वहीची झेरॉक्स (बदकांसह). २) बदललेला फॉर्म. ३) नाना हयात असल्याच्या माझ्या हातच्या सहा नोंदी.

ता. क. : पाकीट चिकटवत होते तेवढ्यात मृणाली उठली. कालपासून ती दारात उभी राहून संध्याच्या चालीवर आजीचे नाव घेते आहे. आत्ता येऊन विचारते, “आई, नानांना एकदाच बोलावलं, तर ते दुसऱ्या दिवशी जेवायला आले. आजीला मी किती वेळा बोलावू?”