रांगोळीवरचं ऑइल

अहो,

पूजा होईपर्यंत माझं मौन असतं, हे हेरूनच काल एजंटाला सकाळी बोलावलंत आणि ती जुनी गाडी घेऊन टाकलीत. वर तिला ओवाळायलाही मीच.

आज बघा, गाडीपुढच्या रांगोळीवर इंजिनाचं ऑइल ठिबकलंय. मॅटखाली पत्रा गंजलाय, धूर निळा येतो, ब्रेक पार तळाला जातो. जरा वाकून बघायचं होतंत. देवापुढे वाकत नाही, ते राहू द्या.

ह्यातून गरोदर लेकीला खंबाटकी घाटातून साताऱ्याला नेणार होतात! आम्ही दोघी एसटीने निघालोय. चावी माझ्या पर्समध्ये आहे, शोधू नका. पोळ्या डब्यात आहेत.

‘मौन सुटल्यावर बोलू,’ म्हणाला होतात. सुटलंय. आता मला बोलायचं नाही.

उज्ज्वला