चष्मा तुमच्या खिशात होता

तुम्हाला चष्म्याबद्दल सांगायचं आहे, पण सुरुवात आमसुलांपासून करते, कारण तिथे माझी चूक लहान आहे आणि मीही लहान आहे. नऊ वर्षांची. धायरीच्या घरी आईने आमटी उकळत ठेवली आहे, आमसुलं संपलीत, आणि तिने मला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे पिटाळलं आहे. वाटभर मी तो शब्द मनात घोकत जाते. तुमचं 'क'वर अडायचं, माझं 'अ' आणि 'आ'वर. "काय देऊ गं?" वाणी विचारतो. मागे दोन बायका उभ्या आहेत. मी तोंड उघडते, घसा आवळतो, आवाज येत नाही, आणि मग मी म्हणते, "चिंच." चिंच कशी सुरळीत आली! घरी येऊन आईला सांगितलं, "संपलीत म्हणाला." खोटं बोलतानासुद्धा तो शब्द टाळलाच. तुम्ही पेपर बाजूला ठेवलात, चपला घातल्यात आणि माझा हात धरून मला चिंचेसकट पुन्हा दुकानात नेलंत. बरणी गळ्यापर्यंत भरलेली होती. तुम्ही वाण्यासमोर मला एक शब्द बोलला नाहीत, नुसते शेजारी उभे राहिलात, माझ्या तोंडून "आमसुलं" बाहेर पडेपर्यंत. परतताना म्हणालात, "जे हवंय तेच मागायचं. उशीर झाला तर होऊ दे, आमटी काय पळून जातेय? पण जे म्हणता येतं, ते आणून घरात भरायचं नाही." हे म्हणायला तुम्हाला दुकानापासून आपल्या फाटकापर्यंतचा सगळा रस्ता लागला.

मी ते नीट ऐकलं आणि नेमकं उलटं शिकले. पुढच्या खेपेला पकडलं जाऊ नये एवढं मात्र पक्कं केलं. कॉलेजात जाईपर्यंत मी शब्द बदलण्यात इतकी तयार झाले होते, की माझी जीभ अडते हे कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. आंब्याची कुल्फी हवी असताना वर्षानुवर्षं पिस्त्याची खाल्ली. आई सगळ्यांना सांगायची, मधातून वेखंड चाटवलं म्हणून पोरीचं गेलं. तुम्ही त्यावर कधी हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. आणि घरात जो एक शब्द रोज लागतो, तुम्हाला हाक मारायचा, तोही 'अ'नेच सुरू होणारा, तो मी सोडूनच दिला. जवळ यायचं, बाही ओढायची आणि बोलायला लागायचं. नववं वर्ष सरल्यापासून तुम्ही जाईपर्यंत मी तुम्हाला एकदाही हाक मारलेली नाही. तुम्हाला वाटलं असेल, पोरगी मोठी झाली, लाजते.

तुम्ही मात्र रविवार पेठेतल्या त्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्याच्या पलीकडे उभे. ज्याचं 'क'वर अडतं त्याने कडी, कोयंडा आणि कुलूप विकावं, हा विनोद तुम्हीच करायचात. शब्द अडला की तुम्ही डोळे मिटायचात, हनुवटी जराशी वर, आणि उजवा हात बसमधली दांडी धरल्यासारखा हवेत. तसे थांबायचात. शब्द यायचा तेव्हा यायचा. मी सुट्टीत दुकानात बसायचे तेव्हाचं एक गिऱ्हाईक आठवतं. "होऊ द्या सावकाश, मी निवृत्त होऊनच आलोय," असं तो म्हणाला, आणि तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "मग ब... बसून घ्या." त्याला हसू आलं, तुम्हालाही आलं. मला आलं नाही. मला तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. माझं नावही तुम्हीच ठेवलेलं, 'क'ने सुरू होणारं. सगळे म्हणाले होते, तुम्हाला सोपं जाईल असं ठेवा. तुम्ही म्हणालात, "माझ्या सोयीसाठी पोरीला कसलंही नाव ठेवायचं का?"

आता चष्मा. मी नोकरीला लागून तीन महिने झालेत. खराडीचं ते काचेचं ऑफिस, खाली मोठी थोरली लॉबी. त्या गुरुवारी मी चष्मा घरी विसरून गेले. तुमचं दुकान गुरुवारी बंद. मी कळवलं नव्हतं, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, तुम्हीच दोन बस बदलून आलात. मी टीममधल्या चौघांबरोबर चहा पिऊन परत येत होते. लांबून सगळं धूसर दिसत होतं, माणसं म्हणजे नुसते ठिपके. पण सुरक्षारक्षकाच्या टेबलापाशी एका ठिपक्याचा उजवा हात हवेत होता. तुम्ही माझं नाव सांगायचा प्रयत्न करत होतात. रक्षक म्हणत होता, "काका, नाव आठवत नाही का? बसा, आठवा निवांत." आणि तुम्ही म्हणालात, "आठवतंय हो. ये... येत नाहीये." शेजारची मुलगी माझ्या कानात म्हणाली, "ए, त्या अंकलना बघ ना, क्यूट आहेत." दहा पावलांवर होते मी. एक हाक मारली असती तर झालं असतं. हाक मारायची म्हणजे तो शब्द, तो चारचौघांत अडणार, आणि तीन महिने जे कुणाला कळलं नव्हतं ते कळणार. मी लिफ्टचं बटण दाबलं.

इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं, की मला माझी भीती वाटली, तुमची लाज नाही वाटली. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की लिफ्ट येईपर्यंत मी मनात म्हणत होते, हात खाली घ्या, आधी तो हात खाली घ्या.

थोड्या वेळाने रक्षकाने चष्मा वर पाठवला. तुमच्या रुमालात गुंडाळलेला, वर चिठ्ठी, त्यावर माझं नाव, बिलावर लिहायचात तशा गोल अक्षरात. चष्म्याच्या उजव्या काडीचा स्क्रू महिनाभर ढिला होता. तुम्ही तो आवळला होता. मी चष्मा घातला, तो नाकावरून घसरेना, आणि मी दिवसभर त्यातून काम केलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा तुम्ही जेवायला बसला होतात. "मिळाला?" विचारलंत. मिळाला म्हटलं. "पहारेकरी भला माणूस आहे तुमचा. शेवटी क... कागद-पेन त्यानेच दिलं." मग पोळीचा तुकडा मोडत म्हणालात, "लिफ्टपाशी गर्दी होती बरीच." मी ताट हातात घेऊन उभी. तुम्ही वर पाहिलंत. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. तुम्ही म्हणालात, "तुला कुठून दिसणार म्हणा. चष्मा माझ्या खिशात होता." आणि मी म्हणाले, "हो ना, काहीच दिसत नव्हतं." एका दमात म्हणाले, कुठेही न अडता. चिंच परत करायला लावणाऱ्या माणसाने त्या दिवशी स्वतःच्या हाताने मला चिंच दिली, आणि मी ती घेतली. त्यानंतर तुम्ही सात वर्षं होतात. सात वर्षांत एक वाक्य बोलायला मला सवड मिळाली नाही.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही न पाहिलेली नात आता सात वर्षांची आहे आणि गेल्या दिवाळीपासून ती अडखळते. 'प'वर, 'त'वर, कधी कशावरही. तिच्या हसण्यात, हट्टात काही फरक पडलेला नाही, पण शाळेत आता ती हात वर करत नाही. तिने एकदा विचारलं, "आजोबांना व्हायचं ना असं?" मी म्हटलं, हो. "आणि तुला?" मी म्हटलं, "नाही, बाळा." बघा, लिफ्टचं बटण अजून माझ्या बोटाखालीच आहे. तुमच्याकडे बोट दाखवून मी पुन्हा एकदा वर निघून गेले.

तिच्यासाठी म्हणून एका समुपदेशक बाईंकडे गेले होते. माझ्याच वयाच्या, आवाज बसका, भिंतीवर एकही सुविचार नाही, म्हणून मला जरा बरं वाटलं. दुसऱ्या भेटीत त्या म्हणाल्या, "मुलीचं बघूच. तुम्ही मघाशी 'आजोबा' म्हणणार होतात, तिथे 'माझे वडील' का म्हणालात?" पंचवीस-तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पकडलं. त्यांच्या पद्धतीचं नाव अॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी. म्हणजे स्वीकार आणि बांधिलकी. मला ते लग्नपत्रिकेवर छापण्यासारखं वाटलं. त्यांनी सांगितलं, 'लोक हसतील' असं म्हणू नका, 'लोक हसतील असा विचार मला आत्ता येतोय' असं म्हणा. मी म्हटलं, वाक्य पुरं करायची ज्याला मारामार, त्याचं वाक्य तुम्ही आणखी लांबवताय. त्या हसल्या. पण करून पाहिलं, आणि विचार आहे तिथेच राहिला तरी मी आणि तो यांच्यात बोटभर जागा झाली. घसा आवळेल, तर आवळू द्या, म्हणाल्या. त्याला हाकलत बसू नका, त्याला घेऊनच दुकानात जा. आणि दर वेळी तोच प्रश्न, की हे सगळं कशासाठी? न अडता बोलता यावं म्हणून, की आणखी कशासाठी? त्यांनी दिलेल्या कागदावर मी लिहिलं, माझ्या मुलीला माझ्यासमोर अडखळायची लाज वाटू नये. लिहिलं आणि त्यांच्या टेबलावर डोकं टेकून रडले, कारण तुम्ही कशासाठी रोज त्या गल्ल्यापाशी उभे राहायचात ते मला तेव्हा कळलं. पोटासाठी तर होतंच. पण मी सुट्टीत येऊन बसायचे, आणि तुम्ही मला कधी घरी जा म्हणाला नाहीत.

चष्म्याचंही त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, विसरा आता, त्यांनी माफ केलंच होतं. त्या तसं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "हे अपराधी वाटणं जायलाच हवंय का तुम्हाला? की ते बरोबर घेऊन कुठे जायचंय?" मला खरं तर ते जायलाच हवं होतं. त्यासाठीच फी भरत होते. गेलेलं नाही अजून. भांडी घासताना येतं, सिग्नलला येतं, कुणी लिफ्टसाठी थांबलेलं दिसलं की येतं. आताशा मी त्याला ये म्हणते, दुसरं काय करणार.

काल लेकीला घेऊन खालच्या दुकानात गेले. मुद्दाम नेलं. घरात आमसुलं भरपूर होती, तरी गेले. दुकानदाराने विचारलं आणि मी म्हणाले, "आ," आणि अडलं. चांगलंच अडलं. त्याने मोबाइलमधून मान वर केली. मागच्या बाईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. लोक हसतील असा विचार मला आत्ता येतोय, असं म्हणायलाही मला सुचलं नाही. घसा दगड झाला होता आणि मी काहीच न करता उभी होते. मग माझ्या लक्षात आलं, की माझा उजवा हात वर गेलाय. "आमसुलं," मी म्हणाले. "पावशेर." लेक दुकानदाराकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

जिना चढताना ती म्हणाली, "तुला पण होतं?" मी म्हटलं, हो. "आज झालं, की आधीपासून?" आधीपासून, तुझ्याएवढी होते तेव्हापासून. मला वाटलं, आता ती मला बिलगेल. काय काय वाटतं माणसाला. ती दोन पायऱ्या वर जाऊन थांबली आणि म्हणाली, "पण मी त... तुला विचारलं होतं ना आई." मी म्हटलं, हो, विचारलं होतंस, आणि मी खोटं बोलले. ती "हं" म्हणाली आणि वर गेली. रात्री जेवताना नेहमीसारखी बडबडली, दोनदा अडखळली, माझ्याकडे चोरून बघितलं आणि पुढे बोलली. तुम्ही कधी "हं"सुद्धा म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर बरं झालं असतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं. तुमच्या चांगुलपणाचा मला रागही येतो, हे आता सांगूनच टाकते.

बाईंनी मला पत्र लिहायला सांगितलेलं नाही. त्यांनी सांगितलं होतं, वडिलांशी बोला, मोठ्याने, घरात, मुलीच्या कानावर जाईल अशा आवाजात, आणि सुरुवात हाकेने करा. त्याऐवजी मी हे लिहीत बसले. एवढी पानं झाली, मी कुठेही अडले नाही, तिथेच मला कळायला हवं होतं. हेही आपलं जमतं तेच मागून आणणं. आणि इतक्या पानांत मी तुम्हाला हाक काही मारलेली नाही, नुसतं 'तुम्ही, तुम्ही' करून निभावून नेलंय. लेक पलीकडच्या खोलीत पाढे म्हणतेय. दार उघडंच आहे.

मला दिसलं होतं, अण्णा. चष्मा नव्हता तरी दिसलं होतं. हे लिहून झालं, म्हणायचं अजून राहिलंय.