सूनबाईच्या बंदुकीवरचा शिक्का

आदरणीय व्याहीबुवांस,

सविनय नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंचा खोकला हटला का? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे मी सोडून. आणि मलाही झालेलं काहीच नाही, नुसती काळजी आहे. हे पत्र केवळ खुशाली विचारण्यासाठी आहे. मागणं काही नाही, तक्रार तर नाहीच. (माझं पत्र बघून आपल्याला धडकी भरू नये म्हणून आधीच सांगितलं.) फोनच केला असता, पण आपल्याला ऐकू जावं म्हणून मला ओरडावं लागतं, आणि काही गोष्टी ओरडून सांगण्याजोग्या नसतात.

आपण सूनबाईला वाढदिवसाला बंदूक दिलीत, त्याबद्दल लिहायचं राहूनच गेलं. दुसरे बाप मुलीला घड्याळ देतात, फार तर कुकर. आता ही बंदूक खेळातली आहे, तिच्यातून प्लास्टिकचे बारीक गोळे उडतात आणि तिचं अंगही प्लास्टिकचंच आहे, हे सूनबाईनं मला न कंटाळता समजावलं आहे. रविवारी ती आणि तिच्या ऑफिसातली माणसं डोळ्यांवर मोठाले चष्मे चढवून एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये जातात आणि एकमेकांना गोळ्या घालून हसत घरी येतात. (तिचे साहेबही असतात म्हणे. रविवारी ज्याच्या पाठीत गोळी घातली त्याच्याकडेच सोमवारी रजा मागायची, हे कसं जमतं देव जाणे.)

पण खेळातली असली तरी नळी ती नळीच. सूनबाई बंदुकीची बॅटरी काढून ती दिवाणखान्यातल्या फळीवर ठेवते, आणि तिचं तोंड बरोबर माझ्या खुर्चीकडे येतं. मी ते खिडकीकडे फिरवलं, तर रस्त्यावरून माणसं जातात. स्वयंपाकघराकडे फिरवलं, तर तिथे आपले जावई, म्हणजे आमचे चिरंजीव, चहा करत उभे. दाराकडे फिरवावं, तर येणाऱ्याचा अपमान. व्याहीबुवा, म्हातारपणी असं लक्षात येतं की चारही दिशांना कोणी ना कोणी आपलं माणूस असतंच. शेवटी मी ती बंदूक नळी खाली करून कपाटामागे उभी केली. (खाली भाडेकरू राहतात, पण ते आपल्या नात्यातले नाहीत.) मग कपाट पुढे आल्यासारखं दिसायला लागलं, म्हणून पाठ लावून मागे रेटलं. आतून ‘कट्ट’ असा आवाज आला. माझ्या पाठीचा असेल अशी आशा होती, पण पाठ शाबूत निघाली. बंदुकीला मात्र मुठीपासून वरपर्यंत तडा गेला होता.

आता आपल्या जावयांचा स्वभाव आपण जाणताच. मी इस्त्री दुरुस्त केली आणि सगळ्या मजल्यावरचे दिवे गेले, तेव्हा त्यांनी मला बजावलं होतं, “बाबा, आणखी एक दुरुस्ती, की तुमची अवजारांची पेटी आणि बाल्कनीतलं ते लोखंडी धूड भंगारात!” लोखंडी धूड म्हणजे माझा पुस्तकं दाबायचा प्रेस. बाइंडिंगचं दुकान बंद झालं तेव्हा मी तेवढा एक घरी आणला. आता त्यावर टॉवेल वाळतात, पण सकाळी उठून त्याचं चाक एकदा फिरवल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. त्या वेळी सूनबाई मध्ये पडली. “राहू दे रे, कुणाच्या पायात येतोय तो? बाबांवर मी लक्ष ठेवते,” म्हणाली. माझ्यासाठी जामीन राहिलेलं या घरातलं एकच माणूस, आणि त्याचीच बंदूक मी मोडली! शिवाय रविवारी तिचा सामना.

घरात कोणी नव्हतं. मी झटपट चिकटणारा गोंद आणला आणि तडा अंगठ्यानं दाबून त्यात सोडला. आयुष्यभर मैद्याची खळ आणि सरस वापरलेला माणूस मी. खळ कशी, भल्या माणसासारखी असते, विचार करायला वेळ देते. हा गोंद पोलिसासारखा निघाला. अंगठा जो धरला तो सोडीचना. तेवढ्यात दाराची बेल वाजली. बेल वाजल्यावर दार न उघडणं मला जमत नाही (कोणाचं काय झालं असेल, कोणी सांगावं), म्हणून डाव्या हातानं उघडलं. बाहेर विजेचं मीटर वाचणारा. त्यानं उजव्या हातातली बंदूक बघितली आणि दोन्ही हात वर केले.

“आजोबा, मी नुसते आकडे लिहितो हो! बिल दुसरे लोक पाठवतात!”

मी म्हटलं, “अरे, चिकटलीय ती,” आणि दाखवायला हात पुढे केला. तो जिन्यावरून गेलेला मी पाहिला नाही, फक्त ऐकला.

त्या आवाजानं समोरच्या सिस्टर बाहेर आल्या. (दवाखान्यातून निवृत्त झाल्या तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात.) त्यांनी बंदुकीकडे नाही, अंगठ्याकडे पाहिलं. “ओढलात तर कातडी येईल. बसा. आणि आधी रडका चेहरा बंद करा, मोठमोठे लोक माझ्यासमोर याहून वाईट ठिकाणी चिकटले आहेत.” मग नेलपॉलिश काढायच्या औषधाची बाटली आणून त्यांनी ती अंगठ्याभोवती सढळ हातानं ओतली. नखं त्यांनी जन्मात रंगवली नसतील, चिकटपट्टीचे डाग काढायला ठेवलेली बाटली ती. अंगठा सुटला, पण जाता जाता आत रुतला, कारण त्या औषधानं बंदुकीचं प्लास्टिकच भिजल्या साबणासारखं मऊ झालं होतं. सिस्टर म्हणाल्या, “अंगठा वाचला. दुसऱ्या पेशंटचं तुम्ही बघा.”

मी कसला डॉक्टर! पण पेशानं हाताला एक वळण असतं. मऊ झालेलं काहीही दिसलं की ते सुकेपर्यंत दाबात ठेवायचं, एवढंच मला येतं. मी टॉवेल काढले, मेणकागद घातला, दोन्ही बाजूंना पुठ्ठे लावले आणि चाक हलकेच फिरवलं. संध्याकाळी जावई आले आणि म्हणाले, “बाबा, कसला वास येतोय हा?”

“सिस्टर नखं रंगवतायत,” मी म्हटलं.

“सिस्टर? या वयात?” असं म्हणून ते समोरच्या दाराकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघत राहिले. (हे पाप मला फेडावं लागेल.)

प्रेस उघडला तर काय, दोन्ही कडा विरघळून एकजीव झालेल्या! तडा शोधून सापडेना. मात्र मुठीच्या वर, रेघारेघांसकट, माझा अंगठा. व्याहीबुवा, मी चौथीत शाळा सोडली, पण कुठल्या कागदावर कधी अंगठा उठवला नाही. सही शिकलो ती एवढ्यासाठीच. आणि शेवटी उठवला तो सुनेच्या बंदुकीवर.

असो. बाकी सर्व क्षेम. विहीणबाईंना माझा नमस्कार सांगावा.

आपला,
व्याही

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. काल सूनबाईनं बंदूक उचलली, उलटसुलट केली आणि विचारलं, “बाबा, हे इथे काय आहे?” माझ्या तोंडून निघून गेलं, “कंपनीचा शिक्का असेल.” ती म्हणाली, “माहेरी जाईन तेव्हा विचारते.” तेव्हा कृपा करून आपण सांगावं की बंदूक दुकानातून शिक्क्यासकटच आली होती. प्रेसचा प्रश्न आहे.

ता. क. शिक्क्यावर अंगठा कसा, असं तिनं विचारलं तर आपण ऐकू आलं नाही असं दाखवावं. आपल्याला ते शोभून दिसेल. (राग नसावा.)

ता. क. वरच्या दोन्ही सूचना रद्द समजाव्यात. सूनबाई आत्ताच सामन्याहून आली. बूट सोडताना म्हणाली, “बाबा, एवढी धरा जरा.” मी धरली, आणि मेला अंगठा आपण होऊन आपल्या खळग्यात जाऊन बसला. तिनं पाहिलं. मीही पाहिलं. “जुळला की कंपनीचा शिक्का!” म्हणाली आणि बुटासकट खाली बसून हसली. मग हळूच सांगितलं की घामानं तिचा हात नेहमी घसरायचा, आज घसरला नाही. ती दोन्ही हातांनी खेळते, तर दुसऱ्या बाजूलाही असाच एक हवा. जावयांना सांगणार नाही म्हणाली. प्रेसवरचे टॉवेल तिनं स्वतः काढले.

तेव्हा आपण खरं किंवा खोटं काहीच बोलू नये. फक्त सिस्टरची बाटली संपली आहे. विहीणबाईंकडे ते नखांचं औषध असेल, तर मुलीबरोबर पाठवावं. डावा अंगठा द्यावा की उजवाच चालेल, या विचारानं मी मात्र बेचैन आहे. आपलं मत कळवावं. हे पाकीट खळीनं चिकटवलं आहे, उघडताना भिऊ नये.