माठासारखा वाजवलेला कडा

ती. आईस,

परत तेच म्हणालीस, "कड्याला लटकणं हे काय काम आहे का!" अगं, मी लोकांना दोर बांधून चढवतो, पगारही वेळेवर मिळतो.

इथे कडे दोन. रस्त्याजवळच्याला सावली झकास, पण दगड ठिसूळ. लांबचा पक्का, पण दीड तास चाल आणि वर मधमाश्या.

ठिसूळ कड्यावर मी प्रत्येक दगड आधी वाजवतो, तू माठ वाजवून घेतेस तसा. बद्द वाजला की धरत नाही. आमच्या चढाईच्या वस्तादांनी विचारलं, "कुठं शिकलास?" म्हटलं, "आईबरोबर बाजारात." एकदाच घाईत न वाजवता धरला, तर निसटून बोट ठेचलं. आता बरं आहे.

तेव्हा परत ये म्हणू नकोस. गुडघा कसा आहे? माठ पाझरतो म्हणालीस, नवा घे, वाजवून. तुझ्या हट्टी धाकट्याकडून, माठाचे धरून, साडेतीन हजार.