दारावरच्या झरोक्यातली फडकी

ताई,

बाबांना घेऊन दवाखान्यात जातेय. घाबरू नकोस, ते स्वतःच्या पायांनी चाललेत आणि वर मलाच घाई करतायत.

खिडकी उघडी असूनही त्यांची खोली इतकी कोंदट का, हे कोडं मला सुटेना. म्हणून सकाळी स्टुलावर चढून आपल्या खोलीकडच्या दारावरचा झरोका बघितला. पट्ट्यांपुढे शिवणाचा दोरा धरला, तर तो ढिम्म हलेना. आत बोट घातलं, तर प्रत्येक फटीत फडकी कोंबलेली!

"बाबा, हे कुणी केलं?"

"मीच. पहाटे खोकल्याची उबळ येते. तुमची झोपमोड कशाला?"

तिरप्या पट्ट्यांतून आतलं दिसत नाही, पण हवेबरोबर आवाजही येतो, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या मात्र बरोबर आलं. आणि आपण खूश, की बाबांचा खोकला गेला!

फडकी काढल्याबरोबर दोरा नाचायला लागला. बाबासुद्धा मान वर करून बघत राहिले.

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. पट्ट्यांवर धूळ साचलीय, तेवढी पुसून घे. आम्ही आल्यावर ते झरोका पुन्हा बंद करायला बघतील. करू देऊ नकोस. खोकले तर खोकले, आपल्याला ऐकू आलं पाहिजे.

— धाकटी