रंगाखालचा चेहरा

३ एप्रिल १९७८, लखनौ
फॉर्म टाकला एकदाचा. फ्लॉरेन्सची शिष्यवृत्ती, दोन वर्षं, रेनेसाँ चित्रकला. शेजारच्या मिश्राआंटी म्हणाल्या, "बिटिया, वहाँ कौन है तुम्हारा?" कोणी नाही म्हटलं. इथे तरी कोण आहे? आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबा आणि मी. बाबा पहाटेच चिनहटच्या कारखान्यात.

११ एप्रिल
लायब्ररीतलं रेनेसाँचं जाड पुस्तक पुन्हा आणलं. रंगीत पानं कोणीतरी कधीच फाडून नेलीत. काळ्या-पांढऱ्यांवरून पाच वर्षं नकला करतेय, आकाशाचा निळा मनानेच. तो खरा निळा एकदा पाहायचाय. एवढ्यासाठी कोणी परदेशी जातं का, असं विचारलं तर उत्तर नाही. विचारणारंही कोणी नाही म्हणा.
सक्सेनासर आज चित्रकलेच्या वर्गात: "उन लोगों ने संत कहाँ देखे थे? मोहल्ले के आदमी बिठाए और बना दिए." डोक्यात बसलंय.

२३ एप्रिल, रवि.
मेश्रामकाकांकडे बुद्धवंदना. आपली नागपूरकडची अकरा घरं, सगळी नोकरीपायी आलेली. बुद्धपौर्णिमेला तथागतांचं नवं चित्र मी करायचं ठरलं. बाजारचं छापील नको, आपल्या पोरीच्या हातचं हवं. छान वाटलं.
माझ्या बरोबरीच्या सगळ्या लग्न होऊन नागपूरला. लहान पोरं मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतात.

२ मे
बाबा ड्यूटीवरून येतात, जेवतात, खुर्चीतच डोळा लागतो. बाहेर लू, अंग भाजणारा वारा. पापण्या पुरत्या मिटत नाहीत त्यांच्या, खालचा ओठ सैल पडतो. चार दुपारी समोर बसून तेच काढलं. तथागतांना बाबांचा चेहरा. रंग पातळ लावलाय, या उन्हात खडखडीत वाळतोय.
हा चेहरा कशाचीच नक्कल नाही. बाबांना सांगितलं नाही, लाजतील.

१४ मे, रवि.
चित्र नेलं. मेश्रामकाकू म्हणाल्या, "हे आपले तथागत नाही वाटत, बाई." काका हळूच: "पोरी, हात चांगला आहे तुहा. पण इथं जो येते तो थकूनच येते. त्याले समोरही थकलेलाच चेहरा दाखवायचा का?"
बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "काका बरोबर म्हणतात. बदलून टाक."
स्वतःचाच चेहरा, ओळखला नाही. घरी येऊन खूप रडले. बाबांना वाटलं, ऊन लागलं. पन्हं करून दिलं.

१८ मे
चेहरा बदलला, त्याच्यावरच रंगवून. कॅलेंडरवरच्यासारखा गोल, हसरा. रागात नुसतं तेल ओतलं रंगात. महिनाभर वाळायचा नाही. न वाळो.

२२ मे, बुद्धपौर्णिमा
सगळ्यांना आवडलं. खीर, हार. काकू म्हणाल्या, आता कसं बरं वाटते. बाबा प्रत्येकाला सांगत होते, माझ्या पोरीनं काढलं. मी मागे उभी होते. त्या चित्रात माझं काहीच नव्हतं.

६ जून
पत्र आलं. १९ तारखेला दिल्लीत मुलाखत. सोबत तीन चित्रं, स्वतःची, नकला चालणार नाहीत.
माझी दोनच. अमीनाबादच्या रिक्षावाल्यांची रांग, आणि मलिहाबादला आंबे निवडणाऱ्या बायका. बाकी ढीगभर नकला. सक्सेनासर म्हणाले, "और तीसरी?" तिसरं तिकडे मेश्रामकाकांच्या भिंतीवर, त्या हसऱ्या चेहऱ्याखाली.
बाबांना पत्र वाचून दाखवलं. "दोन वर्षं म्हणजे दोनच ना?" एवढंच विचारलं. तव्यावरची पोळी करपली.

९ जून
बाबांना सांगून टाकलं, तिसरं चित्र आहे पण रंगाखाली. वरचा रंग ओला असेल तर टर्पेंटाइनने निघेल, कदाचित खालचाही जाईल. चेहरा कोणाचा ते नाही सांगितलं. ते म्हणाले, "मीच म्हटलं होतं ना बदल म्हणून."

११ जून, रवि.
वंदनेहून बाबा एकटेच आले. चित्र सायकलच्या कॅरिअरला, आमच्याच चादरीत गुंडाळलेलं. वाटेत दोनदा उतरून दोरी आवळली म्हणे.
"काकांना काय सांगितलं?"
"म्हटलं, पोरीचं काहीतरी राहिलं आहे त्याच्यात. ते म्हणाले, घेऊन जा."
रंग ओलाच. आधी कान पुसून पाहिला. खालचा कान शाबूत. मग डावा डोळा, कापसाने, अगदी थोडं थोडं. बाबा वाटी धरून शेजारी उभे. पापणी वर आली, अर्धी मिटलेली, होती तशी.
बाबा वाटी खाली ठेवून चित्रावर वाकले. मग म्हणाले, "मी असा झोपतो?"
हो म्हटलं.
"आणि तू अशी बसून राहते समोर?"
मी कापूस पुन्हा टर्पेंटाइनमध्ये बुडवला. फ्लॉरेन्सला गेले तर या खुर्चीसमोर कोण बसेल, हे आजवर मनात येऊ दिलं नव्हतं.
उजव्या डोळ्यावर रंग जाड आहे. खालचा राहील की जाईल, सांगता येत नाही. तो उद्या.
बाबा खुर्चीत जाऊन बसले. आज झोपले नाहीत.