तेहतीस डिग्रीवरचं बाळसं

४ मार्च
आत्या एकदा म्हणाली होती, या पोरीच्या हाताखाली दगडसुद्धा बाळसं धरेल. तेव्हा आई जाऊन वर्ष झालं होतं, मी नऊ वर्षांची होते आणि धाकटीच्या तोंडात भाताचे घास कोंबत होते. हे वाक्य मी विसरलेले नाही.

आज धाकटीचं पित्ताशयाचं ऑपरेशन. तीन आठवडे तिने शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. तिची खेकड्यांची पिल्लं, नखाएवढी, सहा टाक्यांत, आजपासून माझ्याकडे. याआधीच्या तिच्या सगळ्या बॅच मेल्या. ही पहिलीच जगली. महिनाअखेरीला तळेवाला ती विकत न्यायला येणार. ही बॅचही गेली तर शेडला कुलूप, असं ती स्वतःच म्हणाली.

स्ट्रेचरवरून तिने बजावलं, पाणी सत्तावीस डिग्री. पाइपचे तुकडे हलवायचे नाहीत. आणि ताई, प्लीज, स्वतःचं डोकं चालवू नकोस. शेवटचं भुलीच्या इंजेक्शनमुळे असावं.

५ मार्च, सकाळ
निश्चय: रोज तापमान बघायचं. चिडायचं नाही. मेहुण्याशी वाद घालायचा नाही. (मेहुणा म्हणजे धाकटीचा नवरा. पंप दुरुस्त करतो. शेडच्या मागेच त्याचं वर्कशॉप.)

दुपार
मेहुण्याशी वाद. तो म्हणाला, ताई, तुम्ही फक्त खायला घाला, बाकी मी बघतो. मी चिडले नाही. बादली हातातून सुटली. ती त्याच्या दिशेने सुटली इतकंच.

७ मार्च
पिल्लू मोजायला उचललं तर त्याने अंगठ्याला नांगी लावली. एवढासा जीव, पण रक्त काढलं. मी हात झटकला, ते समोरच्या भिंतीवर आपटलं. अपघात. भिंत पुसली.

८ मार्च
पट्टी लावून पाहिली. वाढ रडतखडत. साहजिकच आहे, सत्तावीस डिग्री म्हणजे धड कोमटसुद्धा नाही. मोबाइलवर वाचलं: पाणी गरम असेल तर पिल्लं लवकर लवकर कात टाकतात, आणि प्रत्येक कातीनंतर मोठी होतात. पुढे बरंच काही होतं, तक्ते वगैरे. मुद्दा कळल्यावर तक्ते कशाला?

हीटर तिसावर. धाकटीला सरप्राइज.

१० मार्च
मेहुण्याने हीटरच्या बटणावर चिकटपट्टी गुंडाळून ठेवली होती. निघेना. हातोडी घेतली. पट्टी निघाली, बटणही निघालं. आता पाणी तेहतीस डिग्रीवर थांबलं आहे. छान आकडा आहे. राहू दे.

११ मार्च
चमत्कार! टाक्यांच्या तळाशी कवचंच कवचं. कात! एका दिवसात मूठभर! सगळी वेचून बरणीत भरली, धाकटीला दाखवायला.

काही कवचं फुटलेली आहेत. पाय वेगळे, नांगी वेगळी, पाठ अर्धी. घाईघाईत कपडे काढले की शिवण उसवतेच.

पाइपचे तुकडे काढून टाकले. पिल्लं त्यात दडून बसतात, मोजता येत नाहीत. शिवाय दडून बसायची सवय वाईट. धाकटीलाही होती. मी मोडली.

१३ मार्च
वाढ जोरात. सरासरी लांबी जवळपास दुप्पट. भिंतीवर ग्राफ काढला, लाल पेनने. रेघ छताकडे चालली आहे.

शिंपल्यांचं मांस तसंच उरतं. पोटं भरलेली आहेत. उद्यापासून निम्मं घालणार. अन्न वाया घालवलेलं मला खपत नाही.

चौथ्या टाकीतला एक बाकीच्यांच्या तिप्पट झाला आहे. त्याला पैलवान म्हणते. कशाला भीत नाही. मी टाकीवर वाकले की दोन्ही नांग्या उगारून उभा राहतो. ओळखतो मला.

१५ मार्च
आज डोळे भरून आले. नुकतीच कात टाकलेलं एक पिल्लू, लोण्यासारखं मऊ, पैलवानाने मिठीत घेतलं होतं. थोरल्याने धाकट्याला घ्यावं तसं. चहा करून परत आले तर मिठीत एक पाय होता. पिल्लू निघून गेलं असणार, पाय विसरून. खेकडे पाय टाकतात, वाचलं आहे.

धाकटीचा फोन. कशी आहेत? म्हटलं, ओळखणार नाहीस. तापमान? म्हटलं, तू आराम कर. मरतायत का गं? म्हटलं, कात टाकतायत, रोज, ढीगभर. ती म्हणाली, रोज? टाके दुखत असावेत, आवाज बारीक झाला होता.

१७ मार्च, संध्याकाळ
मेहुणा आत आला. टाक्या पाहून म्हणाला, अहो ताई, ही नर्सरी आहे की कत्तलखाना? आणि हीटरची वायर उपटायला वाकला. चांगली चाललेली गोष्ट उपटायची हा त्याचा जुना स्वभाव. मी जाळीच्या दांड्याने त्याला जरा बाजूला केलं.

कपाळाला दोन टाके. डॉक्टरने विचारलं, कसं लागलं? तो म्हणाला, दार लागलं. म्हणजे चूक त्याची होती हे त्याला पटलं. घरी येताना मी त्याला म्हटलं, तुम्ही टाक्या फार घाईत बघता, जरा शांत राहायला शिका. तो म्हणाला, गाडीतून उतरा.

चालत आले. व्यायाम झाला.

१९ मार्च
मेहुण्याने वायर उपटलीच होती. पुन्हा जोडली.

दुसऱ्या टाकीत तीनच दिसतात. बाकीची दडली असणार. पण पाइप तर मी काढले. मग कुठे? पाणी ढवळून पाहिलं. तळाशी पायांचा चुरा, गाळासारखा फिरत वर आला.

चौथ्या टाकीत हात घालून शोधत होते. पैलवानाने मधलं बोट धरलं. सोडेना. मी सांगितलं, सोड. ओरडले. सोडेना. नख मुळापासून उचकटत गेलं तसं मी हातासकट त्याला टाकीच्या कडेवर आपटलं. एकदा. मग आणखी कितीदा तरी. पाठ फुटली तरी नांगी घट्टच होती. ती पक्कड घेऊन काढावी लागली.

त्याला पाण्यात सोडलं, वाटलं पाण्यात बरं वाटेल. उरलेले सगळे एकदम धावले. खाताना आवाज येतो. कडक टोस्ट मोडल्यासारखा. हे मला माहीत नव्हतं. किंवा रोज येत असेल आणि मी चहा करत असेन.

मी मुळात शांत स्वभावाची आहे.

ग्राफ आज काढला नाही. बोटामुळे.

२१ मार्च
धाकटी आली. चार दिवस लवकर. एका हाताने पोट धरून, दुसऱ्या हाताने मेहुण्याचा खांदा धरून. मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी आधी ग्राफ दाखवला. ती म्हणाली, ताई, सरासरी वाढणारच. लहान सगळी संपली.

मग मी बरणी दिली. तिने वर्तमानपत्रावर ओतली आणि एकेक तुकडा उचलून बघत बसली, धान्य निवडावं तसं. म्हणाली, कात अखंड असते, ताई. पाय, नांग्या, डोळ्यांवरचं कवचसुद्धा, सगळं एकाला एक चिकटलेलं. आत जीव नाही एवढंच. निवडून झाल्यावर तिच्या तळहातावर अखंड अशी चार कवचं होती. बाकीच्या ढिगाचं मी विचारलं नाही. तीच म्हणाली, ही खाल्लेली.

म्हणाली, गरम पाण्यात ती सारखी कात टाकतात, सारखी मऊ असतात, आणि सारखी भुकेली असतात. त्यात तू लपायच्या जागा काढल्यास आणि खाणं अर्धं केलंस.

मी म्हटलं, मी तुलाही असंच वाढवलं, काय वाईट झालं तुझं?

तिने वर्तमानपत्राची घडी घातली. मग अगदी हळू म्हणाली, ताई, मी कपाटात जाऊन का बसायचे, तुला कधी प्रश्न पडला का गं?

मी म्हटलं, तुला तिथे गार वाटायचं.

तिने शेडची किल्ली मागितली. माझ्या बोटाची पट्टी सैल झाली होती, ती तिने नीट बांधली. टाके दुखत असताना वाकून बांधली. मग पुन्हा हात पुढे केला. किल्ली दिली.

२५ मार्च
तळेवाल्याला तिने स्वतः फोन करून नकार कळवला. तो दुसरीकडे गेला. हे शेजारणीकडून कळलं. शेडला कुलूप मात्र लागलेलं नाही. उरलेली पिल्लं तिने एकेका डब्यात ठेवली आहेत, सत्तावीस डिग्रीला. तीस चाललं असतं. पण मी काही बोलणार नाही. मला कोणी विचारलंही नाही.

निश्चय: फोन करायचा नाही.

दुपार
फोन केला. मेहुण्याने उचलला. ती झोपली आहे म्हणाला. मागे तिचा आवाज येत होता.

२८ मार्च
नखाच्या जागी गुलाबी, मऊ काहीतरी आलं आहे. हात कुठेही लागला की जीव जातो. खोलीत दिवसभर कोणाला हाक मारायची नसते, त्यामुळे घसा बसल्यासारखा झाला आहे.

धाकटीला मेसेज लिहिला. चार वेळा खोडला. आधी त्यात पाण्याचं प्रमाण, ऑक्सिजन, तक्ते असं बरंच होतं, शिवाय पंप कसा बसवायचा ते. सगळं काढून टाकलं. ती नाही म्हणणार, आणि मेहुणा तर तिच्याआधीच म्हणेल. तरी पाठवला:

एकच पिल्लू देशील का? सगळ्यात लहान असेल ते. तू सांगशील तेवढंच पाणी, तू सांगशील तेवढीच डिग्री. डब्यात पाइपचा तुकडा टाकून ठेवीन. ते आत गेलं की मी डोकावणार नाही.